स्टुडिओत जायच्या आधी गाणं घरीच बसवा

माझं पहिलं रेकॉर्डिंग धुळ्यात झालं. अमळनेरहून सकाळच्या एसटीने गेलो. सोबत दोन मित्र, एक मेव्हणा आणि मोबाईलमध्ये लिहिलेलं गाणं. तीन तासांचे पैसे भरले होते. त्यातला पाऊण तास दुसऱ्या अंतऱ्यात 'वावर' ठेवायचं की 'मळा' यावर गेला, अर्धा तास पट्टी (गाणं ज्या सुरावर बसवायचं तो मूळ सूर) खाली घ्यायची की नाही यावर गेला, आणि उरलेल्या वेळात जे गायलो ते मी आजही कुणाला ऐकवत नाही. रेकॉर्डिस्ट भला माणूस होता. निघताना एवढंच म्हणाला, "भो, हाई काम ते घरना ओटावर फुकटमा व्हयी जातं." (भाऊ, हे काम तर घरच्या ओट्यावर फुकटात होऊन जातं.)

आता नवी पोरं-पोरी स्टुडिओत निघाली की मला फोन करतात. आपल्या खानदेशातल्या अहिराणी बोलीतली गाणी यूट्यूबवर चालायला लागल्यापासून असे फोन वाढलेत. प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

पट्टी ठरल्याशिवाय ट्रॅक बनवायला देऊ नका

ट्रॅक म्हणजे आवाजामागे वाजणारी साथ. पट्टी पक्की नसताना तो करायला देणं, सगळ्यात महाग चूक हीच. मुखड्यातला सगळ्यात खालचा सूर आणि अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा. पेटीवर किंवा कॅसिओवर अर्धा-अर्धा सूर वर-खाली करत दोन्ही गाऊन बघा. पुरुषांचा आवाज बऱ्याचदा काळी एक, पांढरी दोन, काळी दोनच्या आसपास बसतो आणि बायकांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. हा फक्त अंदाज आहे, तुमचा गळा वेगळं सांगेल तर गळ्याचं ऐका. एकदा गाऊन छान वाटली म्हणून पट्टी पक्की करू नका. स्टुडिओत एकच ओळ दहा-दहा वेळा म्हणावी लागते, तेव्हा दहाव्या वेळेलाही वरचा सूर न ओरडता लागला पाहिजे. आणि सेशन सकाळी दहाला असेल तर पट्टी सकाळी दहालाच तपासा, रात्री जेवणानंतर नको. सकाळी गळा जड असतो.

ऑर्केस्ट्रात, हळदीच्या कार्यक्रमात गाणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. मांडवात समोर पाचशे माणसं नाचत असतात, अंगात वारं संचारतं आणि माणूस एरवीपेक्षा वर गातो. स्टुडिओच्या बंद खोलीत ते वारं नसतं. स्टेजवरच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर खाली उतरायची लाज बाळगू नका.

ट्रॅक नुसता कीबोर्डवर वाजवलेला असेल तोवर पट्टी बदलणं सोपं असतं. एकदा त्यावर खरी ढोलकी, बेंजो, बासरी वाजली की मामला अवघड. कॉम्प्युटरवर अर्धा सूर सरकवला तर खपून जातो, त्याच्या पुढे बासरी कार्टूनसारखी ऐकू येते. मग वादकाला परत बोलवा, परत पैसे द्या.

गाण्यात पावरी असेल तर सगळा हिशोब उलटा करा. दुधी भोपळा आणि बांबूची ही पावरी ज्या सुरात बनली त्याच सुरात वाजणार. वाजवणाऱ्याला आधी भेटा, तिचा सूर पेटीवर पकडा आणि गाणं त्या पट्टीत बसतंय का बघा. बसत नसेल तर वेगळ्या सुराची पावरी शोधा.

लय ठरवायला यंत्र लागत नाही. गाणं मनात चालू ठेवून पंधरा सेकंद मांडीवर ठेका धरा, ठोके मोजा आणि चारने गुणा. २६ ठोके आले तर लय १०४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०४ ठोके. मग फोनवरच्या मेट्रोनोमवर (एकसारखे ठोके देणाऱ्या ॲपवर) तोच आकडा लावून पूर्ण गाणं म्हणून बघा. दुसऱ्या अंतऱ्यात शब्द कोंबावे लागत असतील तर दोन-चारने कमी करा. ट्रॅक बनवणाऱ्याला पट्टी, हा आकडा आणि मेट्रोनोम कानात ठेवून फोनवर गायलेलं साधं गाणं, एवढं पाठवा. त्याला आपल्याकडे डमी म्हणतात. डमी गोड असायची गरज नाही, चाल आणि जागा बरोबर असल्या की झालं.

शब्द कागदावर, आणि जसे बोलता तसे

मोबाईलवरून वाचून गाऊ नका. स्क्रीन बंद होते, फोन वाजतो, आणि फोनची रेंज कधीकधी माईकच्या लाईनीत किरकिर करते. मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, दोन ओळींत जागा ठेवा, पिना मारू नका. तीन प्रती न्या: एक तुम्हाला, एक रेकॉर्डिस्टला, एक संगीत बघणाऱ्याला. पानं स्टँडवर शेजारी-शेजारी लावा, गाताना उलटावं लागलं तर कागदाची सळसळ रेकॉर्ड होते. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारा.

अहिराणी गाण्यात याहून मोठी भानगड उच्चारांची असते. आपण बोलताना 'डोया' म्हणतो, 'काया' म्हणतो, 'शाया' म्हणतो. लिहिताना हात शाळेच्या सवयीने 'डोळा', 'काळा' लिहून मोकळा होतो. मग स्टुडिओत मुख्य गायक गातो 'काया' आणि शहरातून आलेला कोरस कागद बघून गातो 'काळा'. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, ते एकावर एक आलं की दोन माणसं भांडताहेत असं वाटतं. एका गाण्यात हे इतकं उशिरा लक्षात आलं की आम्हाला कोरस पुन्हा बोलवावा लागला. म्हणून कागदावर तोंडात येतं तसंच लिहा, शुद्धलेखनवाले काय म्हणतील याची काळजी करू नका.

आणि कुठली बोली, तेही आधी ठरवा. साक्री-बागलाणकडची अहिराणी वेगळी वाजते, पारोळा-अमळनेरची वेगळी, यावल-रावेरकडची लेवा गणबोली तर आणखी वेगळी. गीतकार एका तालुक्याचा आणि गायिका दुसऱ्या तालुक्याची असेल तर दोघांनी एकदा समोरासमोर बसून प्रत्येक ओळ बोलून घ्यावी. नुसती बोलून, गाऊन नव्हे. ज्या शब्दावर गायिका अडखळते तो शब्द बदलायचा की तिने शिकायचा, हे तिथेच मिटवा. माझं मत विचाराल तर गायिकेची बोली ठेवावी. शिकलेला उच्चार तिसऱ्या टेकला, म्हणजे तीच ओळ तिसऱ्यांदा रेकॉर्ड करताना, गळून पडतो.

घरची तालीम

घरातली सगळ्यात लहान खोली निवडा. कपाट, गाद्या, गोधड्या असलेली. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या की आवाज घुमायचा कमी होतो. एका फोनवर ट्रॅक लावून त्याचा इयरफोन एका कानात घाला, दुसऱ्या फोनवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करा. हे निदान आठवडाभर आधी सुरू करा.

रेकॉर्ड केलेलं लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. त्या दिवशी कानाला फक्त आपली मेहनत ऐकू येते. दुसऱ्या दिवशी ऐकलं की ओळीच्या शेवटी सूर कसा खाली सरकतो, कुठला शब्द खाल्ला, कुठे श्वास चुकीच्या जागी तुटला, सगळं उघडं पडतं. गाणं पाठ हवं, म्हणजे खरंच पाठ. भाकरी थापता थापता किंवा मोटरसायकलवर म्हणता आलं की पाठ झालं समजा.

कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या

ही गाणी वेगळ्या जातीची आहेत. श्रावणात कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या रात्री बायका गातात तेव्हा एक जण पुढे म्हणते, बाकीच्या उचलतात, लय हळूहळू चढत जाते आणि पहाटेपर्यंत गाणं कुठल्या कुठे पोहोचलेलं असतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर गौराईची गाणी होतात तेव्हाही हेच. अशा बायकांना एकेकटीला बूथमध्ये (गाण्यासाठीच्या बंद खोलीत) उभं करून कानात लयीची टकटक, म्हणजे क्लिक, लावली की त्या गप्प होतात. मी हे होताना पाहिलंय. गावातल्या दोन मावश्या, ज्यांच्याकडे रात्रभर पुरतील एवढी गाणी होती, हेडफोन घातल्यावर "आम्हाले नही येत भो" म्हणून बाहेर आल्या.

त्यावर उपाय असा. स्टुडिओ ठरवतानाच सांगा की सगळ्या जणींचं गाणं एकत्र, एकाच वेळी (लाईव्ह) घ्यायचं आहे, मोठी खोली लागेल. त्यांना अर्धगोलात उभं करा किंवा खाली सतरंजीवर बसवा, मध्ये एक-दोन माईक, हेडफोन नको, क्लिक नको. म्होरकी माईकच्या जवळ, बाकीच्या दोन हात मागे. लय चढली तर चढू द्या. मागाहून ढोलक किंवा कीबोर्ड घालायचा असेल तर तो त्यांच्या चढत्या लयीवर वाजवणारा वादक शोधा. ते अवघड आहे, पण गाणं जिवंत राहतं. जात्यावरच्या ओवीला तर मुळात घड्याळी ठोका नसतो, तिला बीपीएममध्ये कोंबणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

फोन करून काय विचारायचं

पैसे तासावर, शिफ्टवर की गाण्यावर? गाण्यावर असतील तर त्यात मिक्सिंग आणि मास्टरिंग (तयार गाण्यावरचा शेवटचा हात) आहे का, आणि मिक्स किती वेळा दुरुस्त करून देणार? वेळ वर गेला तर काय? वीज गेली तर इन्व्हर्टरवर काम चालतं का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार कामाचा. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार प्रत्येक गावात वेगळा असतो, तो टाळूनच तारीख घ्या. खोली रस्त्याच्या बाजूला असेल तर लग्नसराईत वरातीच्या तिथी टाळा.

मे महिन्यात जमलं तर सकाळची वेळ मागा. बऱ्याच लहान स्टुडिओत टेक चालू असताना एसी आणि पंखा बंद करतात, कारण माईक त्यांची घरघर पकडतो. जळगाव-भुसावळच्या उन्हात दुपारी दोनला बंद बूथमध्ये गाणं म्हणजे काय, हे मला सांगायला लावू नका.

मुंबई-पुण्याचा स्टुडिओ असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटरच्या घरात आहे. रात्रभर जनरल डब्यात बसून सकाळी थेट माईकपुढे उभं राहिलात तर गळा अजून गाडीतच असतो.

आदला दिवस

आदल्या रात्री शेवभाजी नको. मलाही जड जातं हे लिहायला. पण तर्रीदार रश्श्याने पित्त वर आलं की सकाळी घसा खरखरतो. सकाळी केळी, दूध नको, तोंड चिकट होतं आणि शब्दाशब्दाला जिभेचा चिकचिक आवाज माईकमध्ये येतो. (केळ्याच्या जिल्ह्यात राहून हे लिहितोय, माफ करा.) सफरचंदाची फोड खाल्ली की तो चिकटपणा जातो. गुटखा, तंबाखूबद्दल काही बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पाणी आदल्या दिवसापासून भरपूर प्या. गाताना घोट घेतल्याने स्वरयंत्र ओलं होत नाही, पाणी अन्ननलिकेतून जातं, त्यामुळे ओलावा शरीरातूनच यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आदल्या रात्री कुणाच्या हळदीत गायची सुपारी घेऊ नका, कितीही जवळचं लग्न असो.

कपडे सुती आणि मऊ. कांजी केलेला कडक सदरा, नायलॉनची साडी, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, सगळं वाजतं. बांगड्या तर फारच. आपल्या बायकांना हातातल्या बांगड्या काढायला सांगणं बरं दिसत नाही आणि त्यांच्याही जिवावर येतं. एक मोठा रुमाल न्या आणि बांगड्यांवर घट्ट गुंडाळा, काम भागतं. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत.

वादक असाल तर ढोलकी अर्धा तास आधी स्टुडिओत नेऊन ठेवा. बाहेरच्या उन्हातून एसीत आली की कातडं बदलतं, आल्या आल्या लावलेली ढोलकी वीस मिनिटांत उतरते. हातोडी, टाल्कम पावडर, बेंजोच्या जादा तारा बरोबर ठेवा. बासऱ्या एकाहून जास्त.

सोबत जास्तीत जास्त दोन माणसं. आपल्याकडे एक गातो आणि अख्खी गल्ली जाते. गाणं बरं झालं की नाही हे सांगणारा एकच माणूस आधी ठरवा, मेव्हण्याला चहा आणायला पाठवा.

बूथमध्ये

घरून पंधरा-वीस मिनिटं गळा गरम करून निघा. वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. रेकॉर्डिस्ट वयाने लहान असला तरी 'दादा' म्हणा, त्या खोलीत त्याचं चालतं.

समोरचा माईक बहुधा कंडेन्सर असेल. स्टेजवरच्या माईकसारखा हातात धरायचा नाही, त्याच्यावर फुंकर मारायची नाही, बोटाने टकटक करायची नाही. त्याला केबलमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा असतो आणि आतला पडदा फार नाजूक असतो. तोंड त्याच्यापासून एक वीत लांब ठेवा. जवळ गेलात की आवाज भारदस्त होतो पण बोजड वाटतो, लांब गेलात की खोली ऐकू येते. जोरात ओळ आली तर मान किंचित मागे घ्या. मधली जाळी 'प', 'फ', 'भ'ची फुंकर अडवायला असते, तिच्याशी खेळू नका.

आवाज तपासायला तो "काहीतरी म्हणा" म्हणाला की "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" नको. गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ पूर्ण ताकदीने म्हणा. नाहीतर तो हळू आवाजावर लेव्हल लावतो आणि अंतऱ्यात तुमचा आवाज फाटतो. फाटलेला टेक कुठलंही यंत्र नीट दुरुस्त करू शकत नाही.

हेडफोन ही नवख्याची खरी परीक्षा. स्वतःचा आवाज कानात फार मोठा असेल तर माणूस नकळत दबून गातो आणि सूर खाली पडतो. फार लहान असेल तर ओरडतो आणि सूर चढतो. म्हणून संकोच न करता सांगा: "दादा, माझा आवाज थोडा वाढवा, ट्रॅक कमी करा, जरा रिव्हर्ब (घुमारा) द्या." पाच वेळा सांगावं लागलं तरी सांगा. एक कान अर्धा उघडा ठेवून गायलं तर बऱ्याच जणांना सूर चांगला सापडतो, पण मग हेडफोनमधला आवाज कमी ठेवा, नाहीतर क्लिक माईकमध्ये शिरते. आपला आवाज कानात उशिरा येतोय असं वाटलं तर लगेच थांबवा. ती सेटिंगची गोष्ट आहे, तुमचा दोष नाही.

पहिल्या सरावालाही रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगा. दडपण नसताना गायलेली एखादी ओळ पुढे वीस टेकमध्ये सापडत नाही. मग एकदा-दोनदा पूर्ण गाणं गा. चुकलं तरी थांबू नका, 'च्च' करू नका, पुढे जा. त्यानंतर अडलेल्या ओळी सुट्या घेतात. त्याला पंच म्हणतात: आधीची ओळ कानात वाजते आणि तुमच्या जागेवर तुम्ही शिरता. शिरताना आधीच्या ओळीपासूनच गात या, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. ओळ संपली की तीन-चार सेकंद अजिबात हलू नका, लगेच "कसं झालं?" विचारू नका. चार मिनिटांच्या एका गाण्याच्या मुख्य आवाजाला दोन-तीन तास धरून चला. दीड तासानंतर दहा मिनिटं बाहेर जा, चहा कोमट.

कंट्रोल रूममध्ये स्वतःचा आवाज पहिल्यांदा कोरडा ऐकाल तेव्हा वाईट वाटेल. सगळ्यांना वाटतं. त्यावर अजून रिव्हर्ब नाही, मिक्सिंग नाही. "ऑटोट्यून लावून घेऊ", म्हणजे कॉम्प्युटरने सूर सरळ करू, असं कुणी म्हणालं तर थोड्या सरकलेल्या सुरापुरतं ठीक आहे. जास्त ओढलं की मुरकी आणि मींड पायरीपायरीची होते, आणि आपल्या चालींची मजा त्या मुरक्यांतच असते.

हक्काचा कागद

पैसे देण्याआधी एक साधा कागद करा: गीत कुणाचं, चाल कुणाची, गायलं कुणी, ट्रॅक कुणी केला, चॅनलवर कोण टाकणार, जाहिरातीचे पैसे आले तर कुणाला किती. गावाकडचा गीतकार तोंडी 'घ्या भाऊ' म्हणतो आणि दोन वर्षांनी गाणं चाललं की नातं तुटतं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, तो कंपनीला लिहून देऊनही सोडता येत नाही.

सिनेमाची चाल उचलून त्यावर अहिराणी शब्द बसवले तर चॅनलवर स्ट्राईक (यूट्यूबची हक्कभंगाची कारवाई) येते, हे बहुतेकांना अनुभवाने कळतं. पारंपरिक गाणं कुणाच्याही मालकीचं नसतं, मात्र एखाद्याने त्याचा केलेला ट्रॅक त्याचा असतो. शब्दांवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, निधनानंतर पहिल्यांदा छापलेलं असेल तर छापल्यापासून ६० वर्षं. असोद्याच्या बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांच्या कवितांची ती मुदत संपली आहे. पण त्याच कवितेला नंतर कुणी लावलेली चाल गायची असेल तर त्या संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात. चाल स्वतःची लावा, मग प्रश्न नाही.

काय घेऊन घरी यायचं

१६ जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह न्या. नुसती एमपीथ्री घेऊन येऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाईल मागा, चार मिनिटांचं गाणं साधारण ७० एमबी होतं. त्यासोबत आवाज वगळलेला ट्रॅक मागाच, पुढे कार्यक्रमात त्यावरच गाणार आहात. जमलं तर सगळे सुटे ट्रॅकही. व्हॉट्सॲपवर मागवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, ऑडिओ म्हणून पाठवलं की आवाज दाबला जातो.

मिक्स हातात आलं की लगेच 'फायनल' म्हणू नका. फोनच्या स्पीकरवर ऐका, इयरफोनवर ऐका, ओळखीच्या कुणाच्या ट्रॅक्टरवर स्पीकर असेल तर तिथे ऐका, कारण तुमचं गाणं शेवटी तिथेच वाजणार आहे. दुरुस्त्या रोज एक-एक कळवू नका, एकाच कागदावर वेळेसकट लिहा: १ मिनिट १२ सेकंदाला ढोलकी मोठी, २ मिनिट ४० ला 'डोया' नीट ऐकू येत नाही. असा कागद पाठवला की रेकॉर्डिस्ट एका बैठकीत काम उरकतो.